घोंगडीआडची गाय

साल दोन हजार आठ. मी एकोणसत्तर वर्षांचा होतो. माघ महिना होता, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलो होतो, तेही मांडीवर घोंगडी घेऊन.

माघ आला की ते सगळं परत वर येतं. जड खाल्ल्यावर करपट ढेकर येते तसं. आमच्या मांजरी गावात पूर्वी माघ नाकाला कळायचा. उसाच्या पाचटाचा धूर, हुरड्याची आगटी, गोठ्यातल्या ओल्या शेणावर पडलेलं कोवळं ऊन. आता मी सातव्या मजल्यावर राहतो आणि जिथं आमचा गोठा होता तिथं पाहुण्यांच्या गाड्या लावतात. जमीन मी विकली, माझ्या हाताने सही करून विकली, त्याचं रडगाणं गाणारा माणूस मी नव्हे. एवढंच सांगतो, की आता माघ कळतो तो नितीनच्या पिशव्यांवरून.

नितीन माझा मुलगा. खराडीकडे संगणकाच्या कंपनीत मोठा साहेब आहे. थंडी सरायच्या आत तो दरवर्षी आफ्रिकेला निघतो, जनावरांचे फोटो काढायला. आधी आठवडाभर हॉलमध्ये पसारा असतो. कोपरापासून बोटापर्यंत लांब भिंगं, ती पुसायची मऊ फडकी, मातकट रंगाचे कपडे. त्या कपड्यांना इतके खिसे, की एवढे खिसे असलेला माणूस चोरीलाच निघाला असं वाटावं. तो एकेक भिंग उचलतो, फुंकर मारतो, उजेडात धरतो. इतक्या मायेने त्याने कधी स्वतःच्या पोरीचं नाक पुसलं नाही. मला किळस येते. हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. राग वेगळा. राग येतो आणि जातो.

परवा रविवारी सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये त्याने फोटो दाखवले. दरवर्षी दाखवतो. पडद्यावर सिंह झेब्र्याचं पोट फाडत असतो, आणि खाली बायका-माणसं समोसे खात बसलेली. आतडं बाहेर आलं की कुणीतरी म्हणतं, "वॉव, काय डिटेल आहे." चटणीचं बोट चाटून म्हणतं. शेजारच्या एका बाईंनी मला विचारलं, "आबा, आपणही गेला होतात ना एकदा? सांगा ना, कसं होतं?"

मी म्हणालो, "गर्दी होती."

त्या हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारा विनोद करतोय.

जायचं माझ्या मनात नव्हतं. मी चौथी शिकलेला माणूस. माझं जग हडपसरच्या बाजारापासून वाघोलीच्या सोयऱ्यांपर्यंत, त्यात मला कधी काही कमी पडलं नाही. पण नितीन म्हणाला, "आबा, तुम्ही आयुष्यभर जनावरांत राहिलात. तिथली जनावरं बघाल तर वेडे व्हाल." आणि आमची मंडळी म्हणाली, "पोरगा नेतोय तर जावा. नाक मुरडायचं असंल तर मुरडा, पण तिथं जाऊन मुरडा." म्हणून गेलो. घोंगडी घेतली. सूनबाई म्हणाली, "आबा, तिकडे ब्लँकेट मिळतं." मी म्हणालो, "मिळू दे की." धनगराकडून विणून घेतलेली काळी घोंगडी ती. माझ्या बापाची मापं घेऊन विणलेली. विमानतळावरच्या पोराने ती यंत्रातून दोनदा फिरवली आणि वास घेऊन परत दिली.

नितीनने मला एक छोटा कॅमेराही घेऊन दिला होता, साबणाच्या वडीएवढा. मी तो सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि हात लावला नाही. "काढा ना आबा फोटो," तो म्हणायचा. मी म्हणायचो, "मला दिसतंय."

आणि दिसत होतं, ते खोटं कशाला सांगू. पहिल्या सकाळी त्या माळावर गाडी थांबली. आपल्याकडे माघात माळ करडा होतो. तिथं मात्र नुकता पाऊस होऊन गेलेला, बोटभर हिरवं गवत, आणि नजर पोचेल तिथवर जनावरं. रेड्यासारखं तोंड, घोड्यासारखी आयाळ, बोकडासारखी दाढी. देवाने उरल्यासुरल्या सामानातून केल्यासारखी. त्यांचं इंग्रजी नाव माझ्या जिभेवर बसलं नाही, मी गाईच म्हणालो. इतक्या गाई आणि एकीलाही वेसण नाही, दावं नाही. सगळ्या एकदम हुंकारत होत्या. शेण, दूध आणि दहिवर, तिन्हींचा मिळून जो वास येतो तो तिथं होता. तो वास मांजरीतून जाऊन किती वर्षं झाली होती. मी उपरण्यात तोंड घालून बसलो. नितीनला वाटलं, मला धूळ लागली.

नितीनही तिथं वेगळाच होता. कंपनीतून घरी येणारा नितीन जेवताना फोनकडे बघतो आणि हं हं करतो. हा नितीन गाडीच्या उघड्या छपरातून वर उभा राहून डोळ्याला कॅमेरा लावायचा, श्वास धरायचा, आणि त्याच्या जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर यायचं. पाटीवर गणित करताना यायचं तसं. चाळीशीचा बाप्या, पण जीभ तीच. उडत्या बगळ्याचा फोटो मनासारखा मिळाला की तो माझ्या पाठीवर थाप मारायचा, बाप आहे हे विसरून. त्याचा तो आनंद खोटा नव्हता. खोटा असता तर मला बरं पडलं असतं.

किळस यायची ती बाकीच्याची. एक सिंहीण झाडाखाली झोपलेली, आणि तिच्याभोवती गाड्याच गाड्या. विश्रांतवाडीच्या चौकात मागचा पुढं घुसतो ना, तसे घुसत होते. आमच्या गाडीत नितीनच्या फोटो क्लबातले आपटे होते. माणूस हुशार, निवृत्त इंजिनिअर, तोंडात साखर कमी. सिंहिणीने डोळा उघडला की ते बाकरवडीची पिशवी मांडीखाली सारायचे आणि कॅमेरा उचलायचे. मग आवाज सुरू व्हायचा. टिच, टिच, टिच. सगळ्या गाड्यांतून. दोन नखांमध्ये ऊ मारली की येतो तसला आवाज. मला तो अजून ऐकू येतो.

हे घडलं पाचव्या दिवशी सकाळी.

आमचा ड्रायव्हर याकोबो म्हणून होता, काळा, किडकिडीत, गोड बोलणारा. मला बाबू म्हणायचा. त्यांच्यात आजोबाला तसंच म्हणतात. त्याने गाडी थांबवली आणि बोट दाखवलं. कळपापासून थोडी बाजूला एक गाय उभी होती. शेपूट वर धरलेली. बसली, उठली, परत बसली. मागून दोन पिवळट खूर बाहेर आलेले.

नितीन कुजबुजला, "आबा, बर्थ. हे मला आजपर्यंत कधीच मिळालेलं नाही. आणि लाइट बघा."

मी म्हणालो, "गाडी मागं घ्यायला सांग."

"का?"

आता हे काय सांगायचं? आमच्यात गाय व्यायला झाली की माझी आई गोठ्याच्या दाराला पोतं लावायची. आत एक जाणतं माणूस, बाकी सगळे बाहेर. पोरांनी डोकवायचं नाही, शेजाऱ्याला बोलवायचं नाही, किती वेळ लागला म्हणून विचारायचंही नाही. गाय डोळ्यांना भिते. माणसाची बाई अशा वेळी ओरडून सांगेल की बाहेर व्हा. गाईला सांगता येत नाही, म्हणून आपण पोतं लावायचं. नितीन लहान असताना त्यालाही आईने कान धरून बाहेर काढलं होतं. हे सगळं त्याला माहीत होतं. तरी तो म्हणाला, "का?"

तोवर ड्रायव्हरांनी एकमेकांना रेडिओवर कळवलं होतं. धुरळा उडवत एकामागून एक गाड्या आल्या आणि गाईभोवती कडं झालं. एका गाडीत एक गोरी बाई टाळ्या वाजवत होती. आपटे भिंग बदलता बदलता म्हणाले, "आबा, आता खरवसाची काही सोय होईल का?"

गाय मान वळवून एकेका गाडीकडे बघत होती. कळा आलेल्या जनावराचा डोळा कसा होतो ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. टिच, टिच, टिच.

मी सीटवर उभा राहिलो. अंगावरची घोंगडी काढली, दोन्ही हातांनी पसरली आणि गाडीच्या उघड्या बाजूला धरली. नितीनच्या भिंगासमोर, आपट्यांच्या भिंगासमोर. दाराला पोतं लावतात तशी.

"आबा, काय करताय?"

"पडदा."

"आबा, प्लीज, खाली बसा. सगळे बघतायत."

"तेच म्हणतोय मी. सगळे बघतायत."

पलीकडच्या गाडीतून कुणीतरी इंग्रजीत ओरडलं. वारा होता. घोंगडी फुगली, फडफडली. आणि गाय उठली. दोन गाड्यांच्या फटीतून निघाली, तशीच, मागे अर्धं वासरू लोंबतंय, आणि थोडं पुढं जाऊन ते खाली पडलं. ती वळली. एकदा हुंगलं. तेवढ्यात कुणीतरी गाडी रेटली, जवळच्या गाई उधळल्या आणि ती त्यांच्याबरोबर गेली.

आपटे शांतपणे म्हणाले, "घोंगडीला बुजली."

"गाड्यांना बुजली."

"गाड्या केव्हापासून होत्या, आबा. घोंगडी आत्ता आली."

मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो, ती गाड्यांना बुजली. काळी घोंगडी पाहून कुठलं जनावर पळत नाही. माझ्या बापाने ती पांघरून जन्मभर गुरं राखली.

वासरू ओलं, चॉकलेटी. पडलं, उठलं, चारी पाय चार दिशांना. गाड्यांतून आवाज आला, आऽऽ, किती गोड. मग रेडिओ खरखरला. कुठंतरी चित्ता शिकारीला निघाला होता. बघता बघता कडं मोडलं, सगळ्या गाड्या सुटल्या. आमची निघाली, आणि ते वासरू आमच्या मागे धावायला लागलं.

याकोबोने इंग्रजीत सांगितलं आणि नितीनने मला. जन्मल्यावर पहिलं जे मोठं हलताना दिसेल, त्याला ही वासरं आई समजतात. आमची गाडी त्याची आई झाली होती. गाडी थांबली की ते चाकाजवळ यायचं आणि टायरला ढुशी द्यायचं. पान्हा सोडायला वासरू देतं तशी.

आपटे हसले. पुढं वाळवीच्या उंचवट्यावर एक तरस बसलेलं होतं. ते उठून उभं राहिलं तसे आपटे हसायचे थांबले. म्हणाले, "नितीन, चित्ता राहू दे. इथेच थांबू. त्याने बघितलंय याला."

मी म्हणालो, "गाडी कळपाकडं घ्या. ते मागं येतंय, तर त्याला घेऊन चला."

नितीन म्हणाला, "आबा, हे नेचर आहे. आपण मध्ये पडायचं नसतं."

"बाळंतपणाला एवढ्या गाड्या घेऊन आलात, आणि मी मध्ये पडायचं न्हाई?"

"आबा, मी इथे चित्त्यासाठी आलोय, नाही तर तरसासाठी," आपटे म्हणाले. "गोरक्षणासाठी नाही."

मला आपट्यांचं काही नव्हतं. परका माणूस. मी नितीनकडे बघत होतो. त्याने एकदा वासराकडे बघितलं, एकदा तरसाकडे. मग उन्हाकडे बघितलं. कॅमेरा डोळ्याला लावला. आणि त्याच्या जिभेचं टोक बाहेर आलं.

मी आयुष्यात शेणात हात घातलाय, सडलेल्या खुरातल्या अळ्या काढल्यात, मेलेलं वासरू गाईच्या पोटातून ओढून काढलंय. कधी घाण वाटली नाही. त्या जिभेची वाटली. माझ्या पोराची जीभ.

घोंगडी उचलली आणि त्याच्यावर टाकली. कॅमेऱ्यासकट, डोक्यासकट. त्याच्या लहानपणी, तो उसाच्या फडावर निजला की टाकायचो तशी.

त्याने ती काढली नाही. मला वाटलं होतं, झटकून टाकेल, ओरडेल. तो तसाच उभा. तरस दोन पावलं उतरलं. आपटे "अरे, अरे" म्हणत होते. त्या घोंगडीला आमच्या गोठ्याचा वास अजून होता, कितीही धुतली तरी. मग आतून तो म्हणाला, "याकोबो, टर्न अराउंड. स्लोली."

आपट्यांनी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि त्या दिवशी परत बोलले नाहीत. माझ्या आयुष्यातली ती एक चांगली सकाळ.

गाडी चालत्या माणसाच्या वेगाने निघाली, मागे वासरू. मी मागच्या सीटवर उलटा बसून त्याला जीभ टाळ्याला लावून चुचकारत होतो, जसं आपण करतो. ते कान टवकारायचं. तरस दूर राहून बरोबर चालत होतं. आम्ही कळपात शिरलो. वासरू एका गाईजवळ गेलं, तिने शिंगाने लोटलं. दुसरीने लोटलं. तिसरीने हुंगायचीही तसदी घेतली नाही. आपली गाय दुसरीचं वासरू कधीकधी घेते, तिच्या मेलेल्या वासराचं कातडं त्याच्यावर घालून फसवता येतं. इथं कातडं कुठलं आणि फसवणार कोण. याकोबो म्हणाला, बाबू, आपण इथून पळायला हवं, आपण आहोत तोवर ते आपल्यालाच आई म्हणणार. मी मान हलवली. त्याने गाडी एकदम उडवली. धुरळ्यात मागचं काही दिसेना.

लांब जाऊन थांबलो. माझ्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू पिकत आला होता. मला फक्त तपकिरी माळ दिसत होता, हलणारा.

मी नितीनला म्हणालो, "तुझ्या भिंगातनं बघ."

त्याने कॅमेरा लावला. पुष्कळ वेळ हा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.

"दिसलं," तो म्हणाला. "पितंय, आबा."

"कुणाचं?"

"एका गाईचं. मागून तांबडं लोंबतंय तिच्या."

"वार ती, अजून पडली न्हाई. तीच ती. शेपूट हलवतंय का?"

दूध लागलं की वासराचं शेपूट हलतंच, आचळ कोरडं असेल तर नाही.

तो थोडा थांबला. मग म्हणाला, "हलवतंय."

मी कॅमेरा घेतला. जड, धोंडा. डोळा लावला तर एकदम शंभर शेपट्या दिसल्या, सगळ्या थरथरत. मी खाली ठेवला.

"फोटो काढलास?"

"नाही."

"का?"

"तुम्ही बघ म्हणालात. काढ म्हणाला नाहीत."

एवढंच. त्यानंतर ते बोलणं आमच्यात कधी निघालं नाही. सहा माघ गेले. त्याच्या खोलीच्या भिंतीवर चित्ता आहे, गेंडा आहे, पाण्यातून वर येणारं सुसरीचं तोंड आहे. कुठलासा मगरीच्या जबड्यात अडकलेला झेब्रा, त्याला बक्षीसही मिळालं. तो झेब्रा ओरडतोय आणि खाली नितीनची सही आहे. मी त्या खोलीत जेवत नाही, चहाही पीत नाही. पण क्लबहाउसात मी दरवर्षी पहिल्या रांगेत बसतो. लोकांना वाटतं, मुलाचं कौतुक. मला वाटतं, एखाद्या वर्षी चुकून दाखवेल. काढला असेल आणि मला नाही म्हणाला असेल. किंवा काढला नसेल, कारण तिथं काढण्यासारखं काही नव्हतंच, आणि म्हाताऱ्या बापाला चार दिवस झोप लागावी म्हणून तो हलवतंय म्हणाला. तो थोडा थांबला होता ना. शेपूट हलताना दिसलं तर माणूस थांबत नाही. पण नीट बघणारा थांबतो, हेही खरं.

परवा समोसे संपले, दिवे लागले, तसा नितीन माझ्याजवळ आला. म्हणाला, "आबा, कसे वाटले?"

"किळसवाणे," मी म्हणालो.

"दरवर्षी म्हणता. आणि दरवर्षी येता."

"समोसे चांगले असतात."

तो हसला आणि लॅपटॉप आवरायला गेला. विचारायचं होतं ते राहिलं. मंडळी म्हणते, विचारून टाका एकदाचं. तिला काय जातं म्हणायला. विचारायचं म्हणजे मी ती घोंगडी का धरली इथपासून सुरू करावं लागेल, आणि आपट्यांचं खरं होतं का हेही त्यात येईल. आणि ते खरं नव्हतं.

त्या घटनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसलो. आपटे आले, म्हणाले, "आज घोंगडी?" मी म्हणालो, "तंबूत आहे." याकोबोला हाताने दिशा दाखवली. त्याने न विचारता गाडी तिकडे घेतली. कळप पुढं सरकला होता. माळभर वासरं, सगळी त्याच रंगाची, सगळ्यांचे कान तसेच. कुणाला खूण नाही, घंटा नाही. मी सदऱ्याच्या खिशातून तो साबणाच्या वडीएवढा कॅमेरा काढला आणि नितीनला म्हणालो, "कुठलं बटण दाबायचं ते दाखव." त्याने दाखवलं. मग जे जे वासरू जिच्या तिच्या कासेला लागलेलं दिसलं आणि शेपूट हलवत होतं, त्याचा त्याचा फोटो काढला. टिच. टिच. टिच. ऊन वर आलं आणि कॅमेरा बंद पडला. नितीनने दुसरी बॅटरी पुढे केली. मी घेतली.